पालथी झारी

ता. ९ ऑक्टोबर

चि. गुंडीस,

आजीचे अनेक आशीर्वाद. तुझी आठवण दांडगी आहे हे मला माहीत आहे, म्हणून ओळख करून देते. मी तुझी आजी. तुझ्या बापाची आई. लहानपणी तू त्याच्या सदऱ्याची गुंडी गिळलीस तेव्हा तुला पायाला धरून उलटं टांगणारी ती मीच. एवढ्यावरून लक्षात आलं तर ठीक, नाहीतर बापाला विचार.

गेल्यापासून तुझा एक फोन आला. त्यात तू काय बोललीस ते मला कमी आणि खालच्या मजल्यावरच्यांना जास्त ऐकू आलं. म्हणून हे पत्र. मला अक्षर येत नाही आणि तुझ्या बापाचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नाही, तेव्हा लिहिणारी तुझी आई आहे. ती तुझ्याशी बोलत नाही हे तुला ठाऊकच आहे. विमा कचेरीतली खुर्ची सोडून तू शेतात उतरलीस, त्याला ती अजून चिखलच म्हणते. पण मी सांगेन तेवढंच लिहायचं, स्वतःचं अक्षरही घालायचं नाही, असं तिने कबूल केलं आहे. हे वाक्य लिहिताना तिने नाक उडवलं. तेही लिही म्हटलं, तर मान हलवते आहे.

तू फोनवर म्हणालीस की तुम्ही पाचजण समविचारी आहात. ते ऐकल्यापासून मला काळजी लागली आहे. आमच्या घरात चौघांचं खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावर आजवर एकमत झालं नाही, आणि घर चाललं आहे. तुमच्या पाचांचं सगळ्यावर एकमत, मग तिथे चालतं काय? नीट कळव. स्वयंपाक कोण करतं, मोठं पातेलं कोण घासतं, आणि रागावायचं झालं तर कोणावर?

उत्तर लवकर आलं तर माझा लोभ आहे तसाच राहील. उशीर झाला तर बघू.

तुझी आजी

—

ता. १७ ऑक्टोबर

ती. आजीस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. नाक उडवल्याच्या जागी सगळे हसले, मी सोडून.

तू विचारलंस ते सांगते. आम्ही पाच. वकील, ज्याने कोर्ट सोडलं. नर्स, जिने हॉस्पिटल सोडलं. कॉम्प्युटरवाला, फोटोवाला आणि मी. राहायला पत्र्याचं लांब कोठार आहे, त्यात मधे पडदे लावून खोल्या केल्यात. शेत नर्सच्या मावशीचं. मावशी मोठ्या करड्या आहेत. त्यांनी जमीन वापरायला दिली ती एका अटीवर: उन्हाळ्यापर्यंत शेतात पीक उभं दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर शेजारच्या गोठेवाल्याला गुरं चारायला देणार. त्या गप्पा मारत नाहीत, तेव्हा देतीलच.

इथे कोणी साहेब नाही. सगळं सभेत ठरतं आणि सगळ्यांना पटेल तेव्हाच ठरतं. वकिलाने पहिल्याच दिवशी एक नियम सुचवला आणि आम्हाला तो फार आवडला: आपण केलेल्या कामाचा गाजावाजा करायचा नाही. मी हे केलं, मी ते केलं, हे कचेरीत पुष्कळ झालं. ज्याला जे काम दिसेल ते त्याने गुपचूप करावं. तेव्हा ऐकायला किती छान वाटलं होतं, आजी.

आता ऐक काय झालं. टोमॅटोची रोपं करायला आम्ही एक वाफा केला. बी छान उगवलं, बोटाएवढी रोपं झाली. पाणी रोज एकदा, तेही बेताने घालायचं असतं. मी पहाटे उठून एक झारी घालायचे. मनात म्हणायचे, बाकीचे विसरतील. आणि नियमाप्रमाणे कोणाला सांगायचे नाही. मग एका सकाळी बघते तर सगळ्या रोपांनी मान टाकलेली. बुडाशी कुजली. वाफ्यात पाय ठेवला तर चप्पल आत राहिली. सभेत खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की पाचही जण रोज एकेक झारी घालत होते. प्रत्येकाला वाटत होतं, बाकीचे विसरतील.

मोठ्या पातेल्याचं उलटं. ते करपलं म्हणून कोणीतरी भिजत घातलं, आणि जो तो समजतो की दुसरा घासेल. त्यात आता बेडकाचं पिल्लू आहे. फोटोवाल्याने त्याचा फोटो काढला. पातेलं घासलं नाही.

मी इतकी वैतागले आहे की काय सांगू. बी अजून आहे, पुन्हा पेरलंय. पण पुन्हा तेच होणार हे मला दिसतंय. वकिलाला म्हटलं, भिंतीवर तक्ता लावू, ज्याने पाणी घातलं त्याने नाव लिहावं. तो म्हणाला, हे हजेरीपुस्तक झालं, यासाठीच का आपण नोकऱ्या सोडल्या? आणि बाकीच्यांना ते पटलं. मलासुद्धा अर्धवट पटलं, हाच तर त्रास आहे.

आईला माझा नमस्कार सांग. म्हणजे तिला तो लिहून घ्यायला लाव. उपाय सुचला तर कळव, नाहीतर नुसतं चिडव, तेही चालेल.

तुझी,
गुंडी

—

ता. २५ ऑक्टोबर

चि. गुंडीस,

आशीर्वाद. तुझं पत्र तुझ्या आईने वाचून दाखवलं. बेडकापर्यंत तिने तोंड वाकडं करून धरलं होतं, मग तिला ठसका लागला. मी त्याला हसणं म्हणते, ती ठसका म्हणते.

समविचारी म्हणजे काय ते आता मला कळलं. पाचांच्या डोक्यात एकच विचार, आणि तो असा की बाकीचे चौघे बिनकामाचे आहेत.

उपाय विचारतेस तर ऐक. आमच्या स्वयंपाकघरात तेव्हा आम्ही तिघी जावा. थोरली, मी आणि धाकटी. चूल एक, पातेलं एक आणि तिघींची तोंडं तीन दिशांना. बोलणं नाही म्हणजे नाहीच. मग भाजीत मीठ पडलं की नाही हे कळायचं कसं? लिहून ठेवावं तर वाचणारं कोण, मला आणि धाकटीला अक्षर नाही. तेव्हा रीत अशी होती: जिने मीठ घातलं तिने झाकणावर पळी पालथी ठेवायची. पळी उताणी असेल तर मीठ नाही, पालथी असेल तर पडलं. कोणी घातलं ते विचारायचं कारण नाही, बोलायचं कारण नाही, मानपान नाही. अशी आम्ही कित्येक वर्षं काढली.

तुम्हीही तेच करा. ज्याने पाणी घातलं त्याने झारी वाफ्याशी पालथी ठेवावी. रात्री शेवटी निजेल त्याने ती पुन्हा सरळ करावी, म्हणजे सकाळी सरळ दिसली तर पाणी राहिलं आहे. नाव नाही, तक्ता नाही, वकिलाची अब्रूही शाबूत. हा उपाय फुकट देते आहे, लक्षात ठेव.

तुझा नमस्कार तुझ्या आईने लिहून घेतला नाही, पण वाचला दोनदा. पहिल्यांदा मोठ्याने, दुसऱ्यांदा मनात. चष्मा पुसायचं निमित्त केलं होतं.

बेडकाला माझा आशीर्वाद, तुम्हा सगळ्यांत घर टिकवून असलेला तो एकटाच.

तुझी आजी

(लिहिणारीची टीप: चष्म्यावर धूळ होती.)

—

ता. २० नोव्हेंबर

ती. आजीस,

सा. न. वि. वि. उत्तराला उशीर झाला त्याला कारण आहे आणि ते रागातच सांगते आहे.

तुझी पळीची गोष्ट सभेत सांगितली. सगळे एकदम खूश. वकील म्हणाला, यात नाव नाही, अहंकार नाही, फार सुंदर. मग झारी पालथी म्हणजे नक्की किती पालथी, कलंडलेली चालेल का, वाऱ्याने पडली तर काय, यावर अख्खी दुपार गेली. शेवटी ठरलं. चार दिवस झकास चाललं. रोपं हिरवीगार, ताठ. मी तुला पत्र लिहायला घेतलंही होतं, बढाईचं.

आणि मग ऊन तापलं. मी सकाळी जायचे तर झारी पालथी. चला, कोणीतरी घातलं. मी गवत काढायला निघून जायचे. कॉम्प्युटरवाला यायचा, झारी पालथी, तो कुंपणाकडे जायचा. सगळे असेच. रोपं सुकायला लागली तेव्हा वाटलं, ऊन कडक आहे. सुकून कागदासारखी झाली तेव्हा सभा भरली. कोणीच पाणी घातलं नव्हतं. एकानेही.

नर्सला कोणतंही भांडं उताणं बघवत नाही, आजी. हॉस्पिटलची सवय. झारी, बादली, पेला, दिसेल ते भांडं निथळायला पालथं घालते आणि तसं केल्याचं तिला कळतही नाही. सगळ्यांच्या आधी उठून ती अंगणभर भांडी पालथी घालत फिरायची. त्यात झारीही. पहिले चार दिवस ती मावशींकडे राहायला गेली होती, म्हणून तेवढे निभावले. तिला सांगितलं तेव्हा ती रडली. मग मी तिच्यावर ओरडले, मग ओरडले म्हणून माफी मागितली, मग वकिलाने माझ्या माफीवर दहा मिनिटं भाषण केलं.

बी आता एका पेरणीपुरतं उरलंय. मावशी परवा कुंपणापाशी आल्या होत्या. सुकलेला वाफा बघून गेल्या. गोठेवाला त्यांच्याबरोबर होता आणि जमीन पावलांनी मोजत होता.

पुढल्या रविवारी सभा आहे. वकील म्हणतो, सन्मानाने थांबावं. फोटोवाल्याने बॅग भरलीच आहे. मला काय म्हणायचंय तेच मला कळत नाही. ज्यांच्यासाठी घर सोडलं त्यांचं तोंड बघवत नाही, आणि घरी यायचं तर कोणत्या तोंडाने? तू आईला हळूच विचार, माझी कॉट आहे का अजून खोलीत.

तुझी,
गुंडी

—

ता. २५ नोव्हेंबर

चि. गुंडीस,

आशीर्वाद. माझ्या पळीला नावं ठेवायची नाहीत. पळीत खोट नाही. आमच्यात कोणी नर्स नव्हती, एवढंच. आम्ही कित्येक वर्षं त्या पळीवर घर चालवलं आणि एकदाही

(इथे मी लेखणी खाली ठेवली होती. आता मी माझं लिहिते आहे. आजी समोर बसल्या आहेत, आणि मी काय लिहिते ते मोठ्याने वाचून दाखवायचं, या अटीवर त्यांनी परवानगी दिली आहे.

गुंडी, ती पळी कधीच चालली नाही. मी या घरात आले तेव्हा जेवण तोंडात घालवत नसे. पळी पालथी असली तरी थोरल्या काकूंचा विश्वास नसे, त्या एक चिमूट टाकत. मग तुझी आजी टाके. मग धाकट्या काकू. तिघींनाही वाटे, बाकीच्या दोघींना अक्कल नाही. पुरुष गुपचूप जेवत आणि तांब्याने पाणी पीत. कोणी बोलत नसे, कारण बोललं तर भांडण होईल. पहिलं वर्ष मीही पाणीच प्याले. मग एक दिवस ओट्यापाशी उभी राहिले आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की आजपासून मीठ मी घालणार, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, आणि चुकलं तर मला बोलायचं. आजी आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मीठही बरेचदा चुकलं. पण शिव्या एकाच पत्त्यावर येऊ लागल्या, त्यामुळे मीठ सुधारलं.

तुझं काय चुकतंय ते मला पत्र लिहून घेता घेताच दिसत होतं. मी बोलत नव्हते, म्हणून सांगितलं नाही. पहाटे उठून झारी घालणारी तू. कुढणारीही तूच. मग ते टोमॅटो माझे आहेत, असं म्हणायला जीभ का अडते? गर्विष्ठ म्हणतील म्हणून? म्हणू देत.

तुझी कॉट आहे. तिच्यावर इस्त्रीचे कपडे असतात, ते उचलायला वेळ लागत नाही. शेती जमत नाही म्हणून आलीस तर दार उघडं आहे. पण पाच सभ्य माणसं एकमेकांना बोलू शकली नाहीत म्हणून परत येणार असशील, तर मी कपडे उचलणार नाही.)

मी पुन्हा आजी. हे सगळं तिने मला वाचून दाखवलं. तिखट आहे, पण राहू दे. फक्त आठवडाभर नव्हे, मी चारच दिवस अबोला धरला होता. तेवढं दुरुस्त कर म्हटलं तर करत नाही.

रविवारी काय होतं ते कळव. तोवर मला जेवण गोड लागणार नाही, मीठ कोणीही घालो.

तुझी आजी

—

ता. ८ डिसेंबर

ती. आजीस आणि ती. आईस,

सा. न. वि. वि. दोघींना एकाच पत्रात नमस्कार करते आहे. त्यावरून भांडू नका.

रविवारी सभा झाली. वकिलाने सन्मानाने थांबण्याचं पत्रक वाचलं. चांगलं लिहिलं होतं, डोळ्यांत पाणी यावं असं. मी आईचं पत्र खिशात धरून उभी राहिले आणि म्हटलं की टोमॅटो माझे. उरलेलं बी मी पेरणार, पाणी मी घालणार, दुसऱ्या कोणी त्या वाफ्यात बोट घातलं तर मी ओरडेन, आणि मेले तर मला बोला. बोलताना माझा आवाज आईसारखा येत होता. मलाच भीती वाटली.

 मग वकील म्हणाला की हे शेताचा पायाच उखडण्यासारखं आहे. मी म्हटलं, पाया कुजलाय, पाच झाऱ्या पाण्याने. नर्स एकदम म्हणाली की मग सगळी भांडी माझी, आणि ती पालथीच राहणार. तिने त्याच दुपारी मोठं पातेलं घासलं. बेडूक नाल्यात सोडला. कॉम्प्युटरवाला म्हणाला, कुंपण माझं, मला पहिल्यापासून तेच आवडतं, पण सांगायची लाज वाटत होती. फोटोवाला आधीच निघून गेला होता. वकील दोन दिवसांनी गेला. त्याने बांधापर्यंत पोचवायला मलाच नेलं, आणि जाताना म्हणाला की तू नोकरीतली साहेब झालीस. ते मला लागलं, आई. अजून लागतंय.

असं समजू नका की आता सगळं छान आहे. तिघांत पाचांचं काम आहे आणि तिघंही आपापल्या जागी हटवादी झालोत. नर्सला विचारल्याशिवाय मला बादली मिळत नाही. कॉम्प्युटरवाल्याने कुंपणाला असं दार केलंय की ते त्यालाच उघडतं. काल मी अर्धा तास बाहेर उभी होते, शेणाची पाटी घेऊन. आम्ही रोज भांडतो. पण कशावरून ते आता तिघांनाही माहीत असतं.

रोपं वर आली आहेत. पेरायला उशीर झालाय. कडक ऊन यायच्या आत फळ धरतील की नाही, देव जाणे. पाणी एकदाच, मी घालते. झारी आता उभीच असते.

तुमची दोघींची,
गुंडी

—

ता. १९ मार्च

ती. आजीस आणि ती. आईस,

सा. न. वि. वि. तुमच्या पत्रांना तुकड्यातुकड्यांनी उत्तरं दिली, आता एकदम लिहिते. फळ धरलं. फार नाही. निम्मी झाडं वाकडी, कित्येक फळांना देठाशी चिरा आहेत कारण मधे दोनदा माझ्याकडून पाणी कमीजास्त झालं. दोन्ही वेळेला नर्स आणि कॉम्प्युटरवाला मिळून मला बोलले. जेवणाच्या वेळी, मधे, आणि नंतर. चुकलं ते चुकलं, पण कोणाचं चुकलं यावर सभा भरवावी लागली नाही.

काल मावशी आल्या. गोठेवाला नव्हता. त्या ओळीतून शेवटपर्यंत चालत गेल्या, एक टोमॅटो तोडला, पदराला पुसून तिथेच खाल्ला. म्हणाल्या, साल जाड आहे. मग जाता जाता म्हणाल्या, पुढच्या हंगामाला ओढ्याकडची पट्टीही घ्या, पडीकच आहे. आम्ही तिघं तिथेच खाली बसलो. मग ती पट्टी कोणाची यावरून भांडण सुरू झालं. अजून चालू आहे.

मी राहते आहे, आई. कॉटवर कपडे ठेवत जा.

कॉम्प्युटरवाला पुढल्या शनिवारी शहरात येणार आहे, त्याच्याबरोबर पाठवते. काय पाठवू ते सांगा.

तुमची,
गुंडी

—

ता. २३ मार्च

चि. गुंडीस,

आजीचे आशीर्वाद. काय पाठवू म्हणून विचारतेस, शेतात टोमॅटो सोडून काही आहे का? आठवण सुधारली असं वाटत होतं.

तेव्हा टोमॅटोच पाठव. पिकून मऊ झालेले नकोत, त्या पोराच्या पिशवीत त्यांचा लगदा होईल. अर्धवट लाल असलेले तोड, देठासकट, आणि चिरा पडलेले वरच्या थरात ठेव. ते मला आधी हवेत. साल जाड असली तरी चालेल, माझे दात तसेही तुझ्या बापाच्या लहानपणीच गेले.

तुझी आई म्हणते, तिच्यासाठी काही पाठवू नकोस, बाजारात टोमॅटो ढिगाने मिळतात. मी म्हटलं, हे तसंच्या तसं लिही. तिने लिहिलं. मग शाई सुकेपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसली, आणि मला विचारलं, पोर खरंच रोज पहाटे उठते का हो? मी म्हटलं, तूच पत्र वाचलंस, मला काय विचारतेस. म्हणून तिच्यासाठी वेगळी पिशवी बांध. सगळ्यांत चांगले त्यात घाल आणि वर तिचं नाव मोठ्या अक्षरात लिही. मला वाचता येत नाही, पण ओट्यावर ती पिशवी घरातल्या सगळ्यांनी बघेपर्यंत ती उघडणार नाही, हे मी आताच सांगते. हेही तिनेच लिहिलं आहे, ओठ घट्ट दाबून.

मिठाची पुडी वगैरे बरोबर देऊ नकोस. मीठ इथे आहे, आणि ते कोण घालतं हे या घरात सगळ्यांना माहीत आहे.

तुझी आजी